बाराशे पासष्ट

नववीच्या वर्गात तक्ता लावायला खिळा नव्हता,
म्हणून मच्छीमार सोसायटीच्या कॅलेंडरवरच टांगला:
युरोप, इसवी सन १२६५.
खालून भरती-ओहोटीच्या वेळा डोकावत राहिल्या.

जानेवारी. लंडनात सभा भरते,
सरदारांबरोबर शहरांतूनही दोन-दोन माणसं बोलावतात.
"कसली माणसं?" रुमान मुकादम विचारतो.
लोकर विकणारी, म्हटलं, मासळीचे व्यापारीही असतील.
"मग त्यांनी बर्फाचा भाव काढला का?"
तक्त्यात हे नाही.

मे. नजरकैदेतला राजपुत्र
पहारेकऱ्यांचे घोडे एकेक करून पळवून दमवतो
आणि उरलेल्या ताज्या घोड्यावर बसून
सगळ्यांना रामराम करून निघून जातो.
वर्ग एवढा हसला की पलीकडून
पेडणेकर बाईंनी भिंतीवर डस्टर आपटला.

जून. फ्रान्सचा एक सरदार रोममध्ये
सिसिलीचा राजा ठरतो.
सिसिलीत तेव्हा दुसराच राजा बसलेला.
याला कुणी हसलं नाही.
सोसायटीत यंदा दोन चेअरमन आहेत.

ऑगस्ट, म्हणजे आपला श्रावण,
होड्या शाकारून वर ओढलेल्या असतात तेव्हा
इव्हशॅम नावाच्या गावी, नदीच्या वळणात
एक उमराव मुलाच्या फौजेची वाट बघतोय.
लांबून निशाणं दिसतात. मुलाचीच.
त्याचा न्हावी घंटेच्या बुरुजावर चढतो
(निशाणं ओळखण्यात हा न्हावी तरबेज)
आणि वरून सांगतो:
हा तुमचा मुलगा नव्हे. आपण मेलो.
मग आभाळ इतकं काळवंडलं
की जेवणाऱ्यांना ताटातलं दिसेना,
असं एक बखरकार लिहितो.
उमरावाच्या देहाचं काय केलं
ते मी नववीला सांगत नाही.

"न्हावी वाचला का ओ, गुरुजी?"
गुणवंती चोगले. शेवटचा बाक, हाताला कोलंबीचा वास.
त्याचं नाव पुस्तकात आहे.
पुढचं मला सापडलं नाही.

उजवीकडे मी एक रकाना आखला होता: कोकण.
त्यात एकच ओळ.
याच सुमारास शेवटचा शिलाहार राजा
समुद्रातल्या लढाईत बुडाला.
महिना नाही, वार नाही,
वल्ही कुणी मारली ते नाही.
गुणवंती म्हणाली, आमच्या वाकट्यांच्या मांडवाशी
एक दगड हाय, त्याच्यावर होऱ्या हायेत.

सोमवारी अख्खा वर्ग घेऊन गेलो.
कमरेइतका वीरगळ, अर्धा वाळूत.
खालच्या पट्टीत दोन गलबतं, नाकाला नाक लावून,
वल्ही मुलांनी मोजली, कुणाची नऊ भरली, कुणाची अकरा.
त्यावर पाण्यात उलटी पडलेली माणसं.
सर्वांत वर एकजण, विमानात, निघालेला.
डोलकाठीच्या टोपलीत कुणीतरी उभं आहे, कपाळावर हात,
आणि त्याच्या डोक्यावर बावटा.
बावट्यावरचं चिन्ह खाऱ्या वाऱ्यानं नेलं,
उरलेलं तिच्या काकाच्या दोरानं; तो होडी इथंच बांधतो.
कुणाकडून लढला, कळत नाही.
रुमान बराच वेळ टोपलीतल्या माणसाकडे बघत राहिला.
रकान्यात मी काही लिहिलं नाही.

परवा दिवेलागणीला बर्फ कारखान्याच्या टाकीवर तो दिसला.
खाडीच्या तोंडाशी पाच बोटी,
बावटे आपल्या सोसायटीचे, पिवळे,
आणि पाण्याखाली तो पांढरा उजेड, रात्रीची मासळी खेचणारा.
किनाऱ्यावर बायका हात हलवत होत्या.
वरून आवाज आला,
"बावटा आपला हाय! बोट नाय! आपली बोट नाय!"

पोरं पळाली. तांडेल पळाले. कुणी वल्हं घेतलं, कुणी कोयता.
दोन्ही चेअरमन एकाच रिक्षातून आले.

टाकीची शिडी गंजलेली, खालचे दोन गज तुटलेले.
ये आता खाली, म्हटलं. तो येईना.
अजून मोजत होता.
मी चपला काढल्या
आणि शिडी दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो.